डिस्कव्हरीचा गिअरबॉक्स

सिंगापुरात जीपगाडी कशाला हवी, हा प्रश्न आम्हाला दर गणेशोत्सवात कोणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. इथला सर्वांत उंच डोंगर म्हणजे बुकित तिमा, उंची १६३ मीटर, आणि रस्ते असे की वर कॅरम खेळावा. तरीही २०११ साली आम्ही १९९७ सालची एक लँड रोव्हर डिस्कव्हरी घेतली. व्ही-८ पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. कॉजवे ओलांडून मलेशियातल्या एन्डाऊ-रोम्पिनच्या जंगलाकडे जायचं, हे निमित्त. आमची कन्या त्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपा काढत काढत मोठी झाली.

फेब्रुवारी २०१७ मध्ये एका सकाळी गाडी पुढे जाईना. रिव्हर्स मात्र ठणठणीत! गिअरबॉक्सचं तेल पाहिलं तर काळं, आणि करपलेल्या कांद्यासारखा वास. पुढच्या चारही गिअरना लागणारा एक क्लच आत असतो, तो जळाला होता.

इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, पण भारतात हा अंक वाचणाऱ्यांसाठी सांगतो. १९९० पासून इथे गाडी ठेवायची तर आधी 'सीओई' नावाचा परवाना लिलावात घ्यावा लागतो आणि तो दहा वर्षांचा असतो. मुदत संपली की गाडी मोडीत काढा, देशाबाहेर पाठवा, नाहीतर चालू दराने पैसे भरून मुदत वाढवा. वाढवलीत तर दरवर्षी तपासणी, शिवाय रोड टॅक्सवर अधिभार, जो चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. आमच्या गाडीची वाढवलेली मुदत त्याच वर्षी ऑक्टोबरात संपणार होती. म्हणजे आठ महिन्यांसाठी गिअरबॉक्स बसवायचा, की आणखी दहा वर्षांचे पैसे भरायचे, की गाडीला निरोप द्यायचा? सौ.चं मत निरोपाचं होतं. कन्या दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

आमचा समज असा, की जिथे गाड्या दहाव्या वर्षी मरतात तिथे धडधाकट गिअरबॉक्सचा ढीग पडला असणार. प्रत्यक्षात उलट! मोडीतल्या गाड्यांचे चांगले भाग इथे फार दिवस पडून राहत नाहीत, परदेशी जातात. आणि फळीवर जे असतं ते दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचं. पहिल्या पिढीची डिस्कव्हरी १९८९ ते १९९८ एवढीच निघाली, त्यामुळे आमची गाडी इथल्या फळ्यांहून म्हातारी. सुंगेई रोडच्या चोरबाजारातही हिंडून आलो. गिअरबॉक्स तिथे कुठला मिळायला, पण पुण्याच्या जुन्या बाजाराची आठवण येते म्हणून. बरं झालं गेलो ते. १० जुलै २०१७ ला तो बाजार कायमचा बंद झाला.

सुंगेई कडुतला, लाकडाच्या वखारींच्या गल्ल्यांमागे, एका अंकलनी २००२ च्या डिस्कव्हरीचा गिअरबॉक्स दाखवला. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा, नाव तेच, '४ एचपी २२'. चार गिअर, तेलाच्या दाबावर चालणारा. आम्ही खूष. अंकलनी बाजूला लोंबणारी वायरिंग उचलून दाखवली आणि म्हणाले, "कॅनॉट ला!" आमच्या गाडीत गिअर कधी बदलायचा हे पेट्रोलच्या पायडलपासून येणारी एक केबल आणि आतल्या झडपा ठरवतात. दुसऱ्या पिढीत, १९९८ पासून, ते काम एका कॉम्प्युटरकडे गेलं. तो गिअरबॉक्स आमच्या गाडीत बसवला, तर त्याला हुकूम देणारं गाडीत कोणीच नाही. परदेशात मास्टर्स करून आलेल्या आमच्या हे लक्षात आलं नव्हतं, हे कबूल करतो.

दुसरा मिळाला १९९१ च्या रेंज रोव्हरचा. केबलवाला, पण मागची जोडणी निराळी. त्या गाडीला चारही चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर बॉक्स साखळीचा, बोर्ग-वॉर्नरचा. आमचा दात्यांचा, 'एलटी २३०'. जोड बदलायचा तर गिअरबॉक्स खोलावा लागणार. तोही सोडला.

शेवटी जोहोर बाहरूला सापडला. मलेशियात दहा वर्षांचा नियम नाही, म्हणून तिथल्या भंगारात म्हातारी मंडळी भेटतात. १९९८ ची डिस्कव्हरी, व्ही-८, केबल, एलटी २३०, सगळं जुळलं. वुडलँड्सच्या नाक्यावर सात टक्के जीएसटी भरून तो लॉरीतून आला.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा इथेच आले होते. एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये त्यांची सारी नोकरी गेलेली. मॉल पाहून कंटाळले होते, गॅरेजात मात्र स्टुलावर सकाळपासून बसले. गिअरबॉक्स जॅकवर चढला, इंजिनला भिडला, आणि अंकलच्या हाताखालचा पोरगा भराभर बोल्ट आवळू लागला. अप्पा एकदम उठले.

"अरे, थांबव त्याला! फट दिसतेय. बोल्टनं ओढायचं नसतं, हातानं बसलं पाहिजे."

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांनी जन्मात उघडलेला नव्हता. पण फट खरीच होती, बोटभर. तेलाचा भोपळा, ज्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात, तो आतल्या पंपाच्या खाचांत पुरता बसलाच नव्हता. आणखी चार फेरे आवळले असते तर पंप फुटला असता आणि जोहोरची वारी पाण्यात. अंकलनी वाकून पाहिलं, पोराला चिनी भाषेत काहीतरी सुनावलं आणि सगळं परत खाली उतरवलं. कन्व्हर्टर हातानं फिरवत आत ढकलला. एक 'टक्', थोडं फिरवून दुसरा 'टक्', आणि तो आत सरकला. अप्पा मराठीतून "आता बरोबर" म्हणाले, अंकल "ओके, अंकल" म्हणाले. दोघांनी कोपी प्यायली. त्यांच्यात आम्ही दुभाषे म्हणून उभे होतो, पण आमची गरज कोणालाच लागली नाही.

संध्याकाळी नवं तेल भरलं, इंजिन चालू ठेवून पातळी पाहिली, गिअर 'डी'त टाकला. क्षणभर काहीच नाही, मग गाडी हळूच पुढे सरकली. अप्पा पुढच्या सीटवर होते. घरी येईपर्यंत ते प्रत्येक गिअर बदलताना मोजत होते, "दुसरा... तिसरा..." ऑक्टोबरात सौ.नीच सीओईचा फॉर्म भरायला काढला.