मूळ फोटो घरी, प्रत बाहेर

ताडोब्याच्या मोहर्ली गेटबाहेर सफारी संपवून आलेला पर्यटक कॅमेऱ्यातला वाघ फोनवर घेतो आणि जिप्सीतून उतरायच्या आत तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायला बघतो. त्याच वेळी तिकडे गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायला आलेली मुलगी सेवा केंद्रातल्या पोराला सांगत असते, ‘भाऊ, फोटो पन्नास केबीच्या आत करून द्या ना.’ दोघांचेही काम एकच, फोटो लहान करणे. मी चंद्रपुरात फोटो काढतो, शिकवतो आणि इतरांचे जुने-नवे फोटो जपून ठेवण्याच्या कामात मदत करतो. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे असते: मूळ फोटोला हात लावू नका, त्याची प्रत काढा, आणि ती प्रत स्वतः लहान करा. ॲपवर सोडले तर काय ठेवायचे आणि काय फेकायचे ते ॲप ठरवते.

आधी हिशेब समजून घेऊ. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० ठिपक्यांचा फोटो देतो. फोनच्या पडद्यावर बघायला लांब बाजू १६०० ठिपक्यांची असली तरी पुष्कळ होते. बाजू पावपटीहून थोडी जास्त उरते, पण लांबी-रुंदी दोन्ही घटल्यामुळे एकूण ठिपके चौदावा हिस्सा उरतात. १० एमबीची फाइल अशी ३००-४०० केबीवर येते आणि पाहणाऱ्याला फरक कळतही नाही. गडचिरोलीच्या आतल्या गावांत नेटवर्क टूजीवर घसरते तेव्हा मात्र हा फरक फार मोठा असतो. सेकंदाला १०० किलोबिटचा वेग धरला, तर १० एमबीला १३ मिनिटांहून जास्त वेळ लागतो आणि ३०० केबीला अर्ध्या मिनिटाहून कमी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्या दिवसांत पडलेल्या घराचा फोटो जिल्ह्याला पोहोचतो की नाही, हे कधी कधी या आकड्यावर ठरते.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. ठिपके कमी करणे वेगळे आणि फाइल दाबून लहान करणे वेगळे. दाबण्याचे काम बहुतेक वेळा जेपेग करते. ते फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातला उजेड लहरींच्या बेरजेत मांडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणाऱ्या बारीक लहरी टाकून देते. या मागचे गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचे. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कामासाठी निधी मागितला, तो मिळाला नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही, आणि १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह शोधनिबंध प्रसिद्ध केला. जेपेगचे मानक १९९२ मध्ये आले. आज जगभर रोज फिरणाऱ्या फोटोंमध्ये त्यांचे गणित आहे, आणि आपल्याकडे त्यांचे नाव फार कमी लोकांना ठाऊक आहे याचे मला वाईट वाटते.

टाकलेल्या लहरी परत येत नाहीत. जेपेग उघडून, बदलून पुन्हा सेव्ह केले की छाटणीही पुन्हा होते. म्हणून क्रम पक्का ठेवावा: मूळ फाइलवरून प्रत, प्रतीवर आधी काटछाट, मग ठिपके कमी, मग थोडी धार (शार्पन), आणि शेवटी एकदाच सेव्ह. दर्जाचा आकडा ८०च्या आसपास ठेवला तर बहुतेक फोटोंना पुरतो.

धार आणि ठिपके कमी करण्याची पद्धत, दोन्हींचे महत्त्व आमच्या जंगलात जास्त. इथला फोटो म्हणजे बांबूची बेटे, वाळके गवत, सागाच्या पानगळीतल्या उघड्या फांद्या आणि त्यांत वाघाचे पट्टे, म्हणजे सगळ्या बारीक रेषा. सॉफ्टवेअरने सरळ दर चौथा ठिपका उचलला तर बांबूच्या काठ्या करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात आणि गवतात नसलेल्या लाटा उमटतात. शेजारच्या ठिपक्यांचा हिशेब करून नवा ठिपका काढणारी पद्धत निवडावी: इरफानव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये लँझोस, गिंपमध्ये क्युबिक किंवा नोहॅलो. कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर ठेवणाऱ्यांनी प्रत एसआरजीबीत बदलून घ्यावी, नाहीतर पळसाचा केशरी रंग अनेक पडद्यांवर मळका दिसतो.

ही साधने फुकट आहेत आणि चांगली आहेत. इरफान श्किल्यान यांनी १९९६ पासून सांभाळलेले इरफानव्ह्यू जुन्या, मंद संगणकावरही चालते आणि पूर्ण फोल्डरचे फोटो एका दमात लहान करते. मात्र ते घरगुती आणि शैक्षणिक वापरासाठीच मोफत आहे. स्टुडिओ किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी गिंप वापरावे, ते सर्वांना मुक्त आहे. गिंपमध्ये एक्स्पोर्ट करताना प्रीव्ह्यू चालू करून दर्जाची पट्टी सरकवली की फाइल किती केबीची होईल ते आधीच दिसते. अर्जाच्या कामाला याहून सोयीचे काही नाही. विंडोजच्या साध्या पेंटमध्येही रिसाइझचे बटण आहे. फोनवर मी स्कूश सुचवतो. ते ब्राउझरमध्ये चालते, पण फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही.

फोटो बाहेर न जाणे ही मोठी गोष्ट आहे. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो २०० बाय २३० ठिपक्यांचा, २० ते ५० केबीचा लागतो आणि सही १४० बाय ६० ठिपक्यांची, १० ते २० केबीची. शिवाय अंगठ्याचा ठसा आणि हाताने लिहिलेले घोषणापत्र. घाईत मुले ‘फोटो केबीत करा’ असे शोधतात आणि समोर येईल त्या संकेतस्थळावर चेहरा, सही, अंगठा असे सगळे चढवून मोकळी होतात. त्या प्रती पुढे कुठे राहतात हे त्यांना कोणी सांगत नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकाने गिंप बसवून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

झाडीपट्टीच्या रंगभूमीलाही या ज्ञानाची गरज आहे. दिवाळीनंतर वडशाहून नाटकांचा हंगाम सुरू होतो, गावोगावी मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या रात्री नाटक रंगते. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर महाराष्ट्रात इतरत्रही या रंगभूमीची दखल घेतली गेली. जाहिराती आता फोनवरून फिरतात. लाल पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे, कलावंतांचे चेहरे, आणि खाली गावाचे नाव व तारीख. ग्रुपवर पोहोचेपर्यंत नेमकी तारीखच वाचता येत नाही. जेपेग उजेडापेक्षा रंगाची माहिती जास्त छाटते, म्हणून लालावरचे पिवळे अक्षर काठाशी फुटते. त्यात एका गावाने स्क्रीनशॉट काढला, दुसऱ्याने त्यावर आपली तारीख टाकून पुन्हा सेव्ह केले, की अक्षरांभोवती डागच डाग. मंडळांनी जाहिरातीची प्रत पीएनजीत करावी, रुंदी १०८० ठिपके ठेवावी आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. गावाचे नाव बदलायचे असेल तर मूळ फाइलवर बदलावे.

डॉक्युमेंटचा मार्ग जाहिरातीला चांगला, वाघाच्या फोटोला धोक्याचा. फोनने काढलेल्या फोटोच्या आत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात, अनेकदा काही मीटरपर्यंत अचूक. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून, ईमेलने किंवा ड्राइव्हवरून पाठवला की ती जशीच्या तशी जाते. बछड्यांसह बसलेली वाघीण, गिधाडाचे घरटे, यांची जागा कोणाकोणाच्या हाती जाईल याचा नेम नाही. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरचे ठिकाण ज्या ईमेल खात्यावर यायचे, ते खाते उघडण्याचा प्रयत्न पुण्यातून झाल्याची बातमी आली होती. शिकाऱ्याला फोटो नको असतो, जागा हवी असते. त्यामुळे प्रत करताना गिंपमधली एक्झिफ, म्हणजे फोटोच्या आत लिहिलेली ही माहिती, ठेवण्याची खूण काढून टाकावी. इरफानव्ह्यूतही अशीच खूण आहे. स्कूश ही माहिती ठेवतच नाही. आणि फोटोखाली पाणवठ्याचे नाव लिहू नये, नाहीतर एवढी खबरदारी वाया गेली.

गावाच्या हक्काचा प्रश्न येतो तेव्हा मात्र हीच माहिती जिवापाड जपायची असते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाला २०१२ मध्ये. त्यानंतर कितीतरी ग्रामसभा आपल्या जंगलाच्या सीमा, पाणवठे, बांबूची तोड, वणवा आणि अतिक्रमण यांचे फोटो काढू लागल्या. वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांचा उल्लेख आहे. अशा जागेचा फोटो तारीख आणि अक्षांश-रेखांशासह मूळ फाइलीत असेल तर त्याला वजन असते. तोच व्हॉट्सॲपवरून उतरवून घेतला तर उरते नुसते चित्र: कधीचे, कुठले, काही कळत नाही. मला खरी काळजी याची वाटते. गावांनी मेहनतीने काढलेले फोटो ग्रुपवर टाकले जातात, फोनची जागा भरली की मूळ फाइल पुसली जाते, आणि हाती लहान झालेली प्रत राहते. ती परत मोठी करणारी साधने आहेत, पण ती हरवलेले ठिपके अंदाजाने भरतात, आणि पुराव्यात अंदाज चालत नाही.

म्हणून ग्रामसभांच्या वनहक्क समित्यांना आणि गावातल्या शिकलेल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. महिन्यातून एकदा फोन केबलने संगणकाला जोडा, मूळ फाइली गाव, जागा आणि तारखेच्या फोल्डरमध्ये उतरवा, आणि दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा. एक ग्रामसभेकडे असू द्या, दुसरी गावाबाहेरच्या भरवशाच्या माणसाकडे. ‘मूळ’ आणि ‘पाठवायचे’ असे दोन फोल्डर करा, आणि ‘मूळ’ फोल्डरमधली फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडून सेव्ह करू नका. पाठवताना नेहमी दुसऱ्या फोल्डरमधलीच पाठवा.