हाक

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दर्या मागे सरला, की काळे खडक उघडे पडतात. कालवे काढण्यासाठी बायका टोपल्या घेऊन त्या खडकांवर जातात. नवखे पाहुणे नुसत्या मौजेखातर जातात. बायकांचे निम्मे लक्ष हातातील कामाकडे, तर निम्मे पाण्याकडे असते. पाहुण्यांचे सारे लक्ष समोरच्या क्षितिजाकडे! पण भरतीचे पाणी समोरूनच येते असे नाही. खडक आणि किनारा यांच्यामधील सखल जागेत ते आधी गुपचूप शिरते. माणूस मागे वळून पाहतो, तो परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते.

कोळ्यांना ही वेळ घड्याळावाचून कळते. तिथीची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीचा तास अदमासे निघतो. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण मोठे. अष्टमीच्या सुमारास ती एकमेकींस आडवी पडते, म्हणून भांगाची भरती लहान. पाऊणकी पाठ करताना कंटाळणाऱ्या मुलाने हा हिशेब एकदा बंदरावर उभे राहून ताडून पाहावा.

हिशेब चुकलेल्या माणसाला हाक मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ती ऐकून कोणी होडी पाण्यात लोटली, तरी खडकाजवळ जाणे हे मोठे नाजूक काम असते. लाटेने होडी खडकावर आदळली, तर वाचवणाराच बुडायचा! म्हणून जाणता नाखवा होडीचे तोंड लाटांकडे धरून थोडा दूरच थांबतो, दोर फेकतो आणि दोन लाटांमधील उसंत साधून एकेकाला आत ओढून घेतो.

पण हाक कोणाला ऐकूच गेली नाही तर?

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट खवळलेल्या समुद्रात कलंडली. आषाढ अमावास्येच्या उधाणाचे ते दिवस होते. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई बंदर काही मैलांवरच असूनही कित्येक तास तेथे कोणाला या अनर्थाची वार्ता नव्हती. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. जी वाचली, त्यांतील काही पोहून तरली; काहींना मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी उचलले. होड्यांत जागा व्हावी म्हणून त्यांनी मासळी समुद्रात फेकून दिली. भर पावसाळ्यातील ती मासळी म्हणजे घरातील धान्यच. पण तोटा मोजत बसण्यास तेव्हा कोणाला सवड होती?

पंचाहत्तर वर्षांनंतर, १६ सप्टेंबर २०२२ रोजी, रत्नागिरीच्या पश्चिमेस ४१ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे ७६ किलोमीटरवर, ‘पार्थ’ या जहाजात पाणी शिरू लागले. संयुक्त अरब अमिरातीतील खोर फक्कान बंदरातून सुमारे ३,९०० टन डांबर घेऊन ते नव मंगळूर बंदराकडे चालले होते. पाणी काही केल्या आवरेना. या वेळी मात्र हाक ऐकली गेली. सकाळीच ती तटरक्षक दलाच्या मुंबईतील सागरी बचाव केंद्रात पोहोचली, आणि दलाची ‘सुजीत’ व ‘अपूर्व’ ही गस्ती जहाजे तिकडे धावली. नावाड्याला आपले जहाज सोडणे म्हणजे चालते घर सोडण्यासारखेच जड जाते. पण ते सोडण्याची वेळ आली होती. जहाजावरील १९ जणांना तटरक्षकांनी सुखरूप बाहेर काढले.

‘पार्थ’ पुढे बुडाले. त्या वेळी त्यावर कोणीही नव्हते.