शाईचा डाग

माणसांची पारख आपल्याला उत्तम जमते, असे बहुतेक शिक्षकांना वाटते. मलाही वाटत असे. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या खजिनदाराची निवड झाली आणि तो भ्रम उतरला.

दोन नावे होती. एक गृहस्थ तिरसट. हिशेबात दोन रुपयांचा घोळ दिसला, तरी उपासना संपताच ओरडत. दुसरे मृदू, प्रार्थना करू लागले की बायकांच्या डोळ्यांत पाणी येई. पंचांच्या सभेत मीच म्हणालो, "तापट माणूस देवाच्या घरात नको." मतेही तशीच पडली.

दीड वर्षाने गरीब-निधीची पेटी उघडली, तर ती रिकामी. एका विधवेच्या मुलीची फी निधीतून भरल्याची नोंद मात्र वहीत होती. मी शाळेच्या कारकुनाला विचारले. फी वेळेवर आली होती. भरणारे होते ते तिरसट गृहस्थ! "नाव कुठे बोललात तर याद राखा," असा दमही ते देऊन गेले होते.

त्या रात्री पौलाचे तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र काढले. तीमथ्य तेव्हा इफिसची मंडळी सांभाळीत होता. नेमणुकीची घाई करू नकोस, असे पौल त्याला बजावतो; कारण काहींचे दोष आधी दिसतात, काहींचे फार उशिरा. चांगुलपणाचेही तसेच. रागीटपणाही त्याने दोषांतच धरला आहे. पण दिसणाऱ्या दोषावर पहारा ठेवता येतो. लपलेला दोष काळच उघडा पाडतो. ना. वा. टिळकांचा तापटपणा लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त कुठे झाकलेला नाही, म्हणून टिळक लहान झाले नाहीत.

वह्या तपासताना मला हे ठाऊक होते. वळणदार अक्षरात नक्कल केलेली गणिते असतात, आणि शाईच्या डागाखाली बरोबर उत्तरही असते. सभेत मात्र मी अक्षराला गुण दिले.

आता नव्या माणसाने आधी वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचे आणि पेटीला दोन किल्ल्या ठेवायच्या, असा ठराव झाला आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या गृहस्थांकडे माफी मागायला गेलो. दारातच ते कडाडले, "एवढ्या उन्हात छत्री नाही आणली? अक्कल आहे का मास्तर!"

आणि आत वळून म्हणाले, "अहो, चहा टाका. साखर जरा जास्त."