आज लेव्हल किती?

आमच्या कॉलनीत वर्तमानपत्र बेळगावच्या बसनं यायचं. बस वेळेवर असली तर दहाला, नाहीतर जेवणं झाल्यावर. पण त्या दिवसाची खरी बातमी सकाळी आठलाच सगळ्यांना कळलेली असे. ऑफिसच्या व्हरांड्यात एक काळा फळा टांगलेला होता. पातळी वाचणारा माणूस धरणावरून सायकलनं यायचा आणि फळ्यावर खडूनं तीन आकडे लिहायचा. पाण्याची लेव्हल, आत येणारं पाणी आणि बाहेर सोडलेलं पाणी. दूध आणायला निघालेला असो, शाळेला निघालेला असो, जो तो तिथून जाताना मान वळवून बघायचा. घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "आज लेव्हल किती?" आमच्याकडं तो मराठीत विचारला जाई, शेजारी "नीर एष्ट ऐत्री?" असा. लेव्हल हा शब्द मात्र दोन्ही घरांचा.

ही कॉलनी हिडकल धरणाची. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवर बांधलेलं हे धरण १९७७ साली पूर्ण झालं. कागदोपत्री ते राजा लखमगौडा जलाशय. बेळगावच्या लॉ कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच हे वंटमुरीचे राजे. बोलण्यात मात्र सगळ्यांच्या तोंडी हिडकल डॅमच. भरून वाहायचा आकडा २१७५ फूट. कॉलनीतल्या मुलांना बाराचा पाढा यायच्या आधी हा आकडा पाठ व्हायचा. बाबा धरणाचं बांधकाम चालू असतानाच नोकरीला लागले आणि १९९९ साली तिथूनच निवृत्त झाले. त्यामुळं माझं सगळं लहानपण या आकड्याच्या आसपास गेलं.

कॉलनीत स्वतःचं घर कुणाचंच नव्हतं. सगळी क्वार्टर्स एकाच रंगाची आणि पायरीपायरीनं मांडलेली. वर चढावर साहेबांचे बंगले, जिथून पाणी दिसतं. मधे आमच्यासारखे. खाली चौकीदार, मेस्त्री आणि रोजंदारीवरचे लोक. नळ गळायला लागला की वहीत लिहून यायचं, माणूस पाना घेऊन हजर. कौल फुटलं, दिवा गेला, गटार तुंबलं, सगळ्याला ती वही. आमची आई पुढं बेळगावला आल्यावर कितीतरी महिने म्हणायची, "इथं कुणाच्या वहीत लिहायचं गं?" भिंतीला खिळा मारायचा तरी आधी विचार करावा लागे, पण परसात काय लावायचं यावर कुणाची हरकत नसे. म्हणून घरं ओळखली जायची ती झाडांवरून. शेवग्याचं घर, पपईचं घर, आणि दोन पेरू असलेलं कोपऱ्यावरचं. बदली झाली की माणसं ट्रकमध्ये भांडीकुंडी भरून जात, झाड मागं राही. आमच्या परसातला कढीलिंब विजापूरकडच्या एका बाईंनी लावलेला होता. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण आईच्या फोडणीत त्या रोज असत.

धारवाडचे, विजापूरचे, हुक्केरीचे, आम्ही चंदगडकडचे, अशी सगळी माणसं एका ओळीत राहायची. शाळा कन्नड. घरी मराठी. भांडण ज्या भाषेत सुरू व्हायचं त्याच भाषेत संपेल याची खात्री नसे. गणपती एकच, आरती मराठी, त्यानंतरची गाणी कन्नड. १ नोव्हेंबरला ऑफिससमोर राज्योत्सवाचा झेंडा लागायचा आणि त्याच दिवशी बेळगावात काळा दिवस असायचा. त्या दिवशी मोठी माणसं एकमेकांशी जरा जपून बोलत. संध्याकाळी मात्र शेजारच्या काकूंकडून हुग्गीची वाटी यायची आणि आईकडून ती रिकामी परत जात नसे. याहून जास्त काही कुणी बोलत नसे, आणि मला वाटतं तेच शहाणपणाचं होतं.

पाणी येतं कुठून हे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकापेक्षा काकांमुळं नीट समजलं. काका चंदगडला पोस्टात होते. घटप्रभा त्याच डोंगरांतून येते, ताम्रपर्णीही तिकडूनच येऊन तिला मिळते. जुलैमध्ये काकांचा ऑफिसच्या फोनवर निरोप यायचा, "इकडं तीन दिवस झोडपतोय, दादाला सांगा." बाबा हसून म्हणायचे, आमच्या खात्याच्या आधी आमच्या भावाचा रिपोर्ट येतो. मग एकदोन दिवसांत फळ्यावरचा दुसरा आकडा उड्या मारायला लागायचा. आम्हा मुलांचं लक्ष दरवाजे कधी उघडतात याकडं. धरण भरलं की साहेब लोक सुपात खण-बांगड्या, हळदकुंकू घालून पाण्यात बागिन सोडत. दरवाजे उघडले की सगळी कॉलनी पुलाकडं धावायची. मिरची भज्यांची गाडी लागायची. अंगावर उडणारे तुषार, कान बधिर करणारा आवाज. आमच्यासाठी लेव्हल चढणं म्हणजे सण, आणि उतरणं म्हणजे काळजी.

एकच माणूस याला अपवाद होता. आमच्याकडं दूध घालायला येणारी अज्जी.

ती पुनर्वसनाच्या गावातून यायची. तिचं मूळ घर, शेत, गोठा, सगळं जलाशयात गेलेलं. हुन्नूरजवळचं १९२८ च्या सुमाराचं विठ्ठलाचं देऊळ धरणाच्या पाण्यात गेलं आहे हे आपल्या भागात बहुतेकांना ठाऊक असेल. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की ते वर दिसायला लागतं. अज्जीचं जुनं घर त्या देवळाच्या आसपासच. मार्च उजाडला की ती दुधाचं माप उपडं करता करता बाबांना विचारायची, "साहेब्र, इवत्त एष्ट ऐत्री?" बाबा सांगायचे, "इळ्याकत्तैती अज्जी." उतरतंय म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा. सगळ्या कॉलनीत लेव्हल उतरल्याचा आनंद होणारी ही एकटीच बाई. बाबांना ते अवघड वाटे. ज्या पाण्यावर त्यांचा पगार, त्याच पाण्याखाली तिची चूल. पण त्यांनी तिला आकडा कधी चुकीचा सांगितला नाही, की "आज बघितला नाही" म्हणून टाळलं नाही.

माझी चौथीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात, म्हणजे १९८९ साली, आई तिच्याबरोबर देवळाकडं गेली. पहाटे निघाल्या, उन्हं वर आल्यावर परतल्या. आईच्या साडीला गुडघ्यापर्यंत चिखल. विठ्ठलाला गूळखोबरं ठेवलं म्हणाली. आईचा विठ्ठल पंढरपूरचा, अज्जीचा हुन्नूरचा, दोघींना त्यात काही वेगळं वाटलं नाही. परत येताना अज्जीनं तिला आपली विहीर दाखवली. पाणी अगदी विहिरीच्या काठाला टेकलेलं होतं. अज्जी खाली बसली, ओंजळभर पाणी घेतलं, प्यायली. "जलाशयाचंच पाणी ते," आई सांगत होती, "पण ती म्हणाली, चव आमच्या विहिरीचीच आहे. तिला घर दिसत होतं गं. मला नुसता चिखल दिसला." त्यानंतर मे महिन्यात पाणी उतरल्याबद्दल कुणी कुरकुर करायला लागलं की आई उठून आत जायची.

१९९९ मध्ये बाबा निवृत्त झाले, किल्ली ऑफिसात दिली आणि आम्ही बेळगावला आलो. नियमच तसा, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. शेवग्याला त्या वर्षी शेंगा फार आल्या होत्या, त्या नव्या बिऱ्हाडानं खाल्ल्या असतील. बेळगावात राकसकोपचं पाणी येतं तसं हिडकलचंही येतं. नळ सुटला की बाबा पेला भरून, प्रकाशात धरून बघत आणि कोणतं पाणी आहे ते सांगत. बरोबर की चूक, आम्ही कधी तपासलं नाही.

आता कॉलनीतली माणसं हुबळीपासून पुण्यापर्यंत विखुरली आहेत आणि व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर पुन्हा एका ओळीत आली आहेत. वाढदिवस, लग्नं, कुणाची अँजिओप्लास्टी. अधूनमधून कुणीतरी जुन्या क्वार्टरचा फोटो टाकतं, मग पेरूचं झाड कुणाचं यावर दिवसभर वाद. पण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिथं रोज सकाळी लेव्हल येते. कुणी नेमलेलं नाही, पूर्वी दरवाज्यांवर काम केलेले एक काका ती टाकतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र त्या आकड्यांचा अर्थ बदलला. घटप्रभा आणि मार्कंडेय दोन्ही नद्या एकदम फुगल्या होत्या. कॉलनीतल्या एका मैत्रिणीचं सासर गोकाकात, नदीजवळ. आम्ही लहानपणी भजी खात बघायचो तेच दरवाजे, तेच पाणी, खाली गोकाकात ते कुणाच्या स्वयंपाकघरात शिरणार होतं. काकांनी त्या रात्री ग्रुपवर काही लिहिलं नाही, सरळ तिला फोन केला. "आकडा विचारत बसू नको, पोरांना घेऊन नीघ." ती निघाली. घरात छातीभर पाणी चढलं, धान्य गेलं, आल्बम गेले. माणसं वाचली. नंतर ग्रुपवर कुणीतरी जुना दरवाज्यांचा फोटो कौतुकानं टाकला, तर तिनं एवढंच लिहिलं, "हा नको."

आणि मग जून २०२३. पाऊस लांबला. जलाशयाचा तळ दिसायला लागला आणि विठ्ठलाचं देऊळ पुरतं उघडं पडलं. लोकांची रीघ लागली. ग्रुपवर निम्मे लोक बेळगावच्या पाण्याच्या चिंतेत, निम्मे दर्शनाचे फोटो टाकण्यात. अज्जी जाऊन खूप वर्षं झाली. तिचा नातू हुक्केरीकडं गाडी चालवतो, त्यानं आईचा नंबर कुठून तरी मिळवला आणि फोन केला. देवळाच्या अलीकडं तीनचार विहिरींचे खड्डे आहेत, गाळानं भरलेले. त्यांतली आमची कोणती? अज्जीबरोबर तिथं गेलेलं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही.

आईला दिशा सांगता येईना. चौतीस वर्षांनी चिखलातली दिशा कोण सांगणार? तिला फक्त एवढंच पक्कं आठवत होतं, की त्या दिवशी पाणी काठाला टेकलं होतं.

हे ऐकल्यावर बाबा उठले. नोकरीची डायरी ठेवायची त्यांना सवय. रोजची लेव्हल, पगाराची तारीख, गॅस कधी लावला, असल्या नोंदींच्या डायऱ्यांची एक ट्रंक आमच्या माळ्यावर आहे, जी काढून टाका म्हणून मी दर दिवाळीला कटकट करते. १९८९ ची डायरी सापडली. एप्रिलच्या एका पानावर लेव्हल, आणि खाली एक ओळ, "ही दूधवाल्या अज्जीबरोबर देवळाकडे गेली." म्हणजे विहिरीचा काठ नेमका किती फुटांवर आहे ते कळलं. बाबांनी तो आकडा फोनवर कन्नडमध्ये दोनदा सांगितला, लिहून घ्यायला लावला आणि त्याला समजावलं, आता खाली जाऊन शोधू नकोस. पाऊस येऊ दे, पाणी चढू दे. ज्या सकाळी लेव्हल या आकड्याला येईल त्या सकाळी जा. ज्या विहिरीच्या काठाला पाणी टेकलेलं असेल ती तुमची.

तो आकडा मी इथं देत नाही. तो त्यांच्या घरचा आहे.

जुलैच्या उत्तरार्धात पावसानं जोर धरला. चंदगडहून आता काका नाहीत, पण त्यांच्या मुलाचा व्हिडिओ आला, अंगणात गुडघाभर पाणी. बाबांना भीती वाटत होती की पाणी रात्रीतून आकडा ओलांडून जाईल आणि पोराची संधी हुकेल. दोन दिवस त्यांनी नीट जेवण केलं नाही. दरवाज्यांवरच्या काकांना आम्ही सांगून ठेवलं होतं, ते सकाळची वाट न बघता मिळेल तेव्हा लेव्हल पाठवत होते. एका पहाटे सव्वापाचला बाबांनीच त्या मुलाला फोन करून उठवलं.

साडेसातला त्याचा फोन आला. वाऱ्यानं आवाज तुटत होता. "सिक्त री अज्जी!" आईनं फोन बाबांच्या कानाला लावला, पण बाबांना बोलता येईना, त्यांनी तो परत तिच्याकडं दिला.

दुसऱ्या दिवशी विहीर पाण्याखाली गेली. त्यानं काठाचा एक दगड मोटारसायकलवर बांधून आणला होता. तो आता त्यांच्या दारातल्या तुळशीपाशी आहे.