अकरा किलोमीटरवरची रेघ

१२ सप्टेंबर २०२४ च्या रात्री अंबरनाथवर रासायनिक धुराचा पडदा पसरला. तो रेल्वेच्या रुळांपर्यंत आला, समोरचं दिसेना, डोळे चुरचुरू लागले, घसा धरला आणि माणसं दारं-खिडक्या लावून बसली. त्याआधी ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली होती. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस तर उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना रुग्णालय गाठावं लागलं. हवेतून विष येऊ शकतं, हे या तीन शहरांत कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

त्यामुळेच ‘केमट्रेल’चा व्हिडिओ इथे चटकन पटतो. विमानामागे दिसणारी पांढरी रेघ म्हणजे मुद्दाम फवारलेलं रसायन, त्यातूनच खोकला येतो, त्यातूनच पाऊस पळतो, असं त्यात सांगितलेलं असतं. मी वातावरणशास्त्राचा अभ्यासक. फलाटावर, सोसायटीच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: “सर, ते वरून काय मारतात?” या प्रश्नाला मी कधी हसत नाही. नाकाला झोंबत असताना ज्यांना ‘काही झालेलं नाही’ असं ऐकवलं जातं, त्यांनी संशय घेतला तर तो त्यांचा हक्कच आहे. मी फक्त एक उलटा प्रश्न विचारतो: ती रेघ किती उंचीवर होती?

आपल्या डोक्यावरून दोन प्रकारची विमानं जातात. मुंबईला उतरण्यासाठी पूर्वेकडून येणारी विमानं बदलापूर-अंबरनाथच्या आसपास दोन-तीन किलोमीटर उंचीवर असतात. दिवेही दिसतील इतकी खाली. त्या उंचीवरची हवा उबदार असते, त्यामुळे त्यांच्यामागे रेघ कधीच उमटत नाही. कुणाला शहरावर काही फवारायचंच असतं, तर सोयीची विमानं हीच होती! रेघ दिसते ती आखाती देशांतून आग्नेय आशियाकडे किंवा उलट जाणाऱ्या, मुंबईला न थांबणाऱ्या विमानांमागे, दहा-बारा किलोमीटरवर.

तिथे काय घडतं? एक किलो विमान-इंधन जळलं की सुमारे सव्वा किलो पाणी तयार होतं. इंधनातला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांचं ते पाणी. ही गरम, दमट वाफ कडाक्याच्या थंडीत मिसळते, काजळीच्या कणांवर थिजते आणि तिचे बर्फकण होतात. माथेरानला डिसेंबरच्या पहाटे तोंडातून निघणारी वाफ दिसते, त्यातलाच हा प्रकार, फक्त थंडी उणे चाळीस अंशांची. कोणत्या तापमानाला आणि दाबाला रेघ उमटेल याचं गणित जर्मनीत एर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ मध्ये आणि अमेरिकेत हर्बर्ट अ‍ॅपलमन यांनी १९५३ मध्ये मांडलं. आजही आम्ही तेच वापरतो.

सांताक्रूझहून सोडल्या जाणाऱ्या हवामानाच्या फुग्याच्या नोंदी मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. हिवाळ्यात आपल्याकडे अकरा किलोमीटरवर तापमान उणे चाळिशीच्या आसपास असतं, म्हणजे नेमकं उंबरठ्यावर. युरोपात हा उंबरठा बराच खाली येतो. आपल्याकडे मात्र ३४,००० फुटांवरचं विमान काही न उमटवता जातं आणि ३९,००० फुटांवरचं आभाळभर रेघ ओढतं. ‘एकाच वेळी दोन विमानं गेली, एकाचीच रेघ कशी?’ या नेहमीच्या शंकेचं उत्तर बहुतेक वेळा या पाच हजार फुटांत असतं. मोबाइलवर विमानांची उंची दाखवणारं अ‍ॅप उघडून कुणीही ताडून पाहावं.

रेघ टिकते किती, हे वरच्या हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. हवा कोरडी असेल तर विमानामागे जेमतेम शेपूट दिसतं आणि विरतं. बर्फाच्या दृष्टीने हवा संपृक्त असेल तर तीच रेघ तासन्‌तास राहते, पसरते, पिंजून जाते. असे ओलसर थर बहुधा उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ सरकताना येतात. म्हणून काही दिवस आभाळ रेघांनी भरतं आणि मग आठवडाभर एकही दिसत नाही. रेघांनी भरलेल्या दिवसांना ‘फवारणीचे दिवस’ म्हटलं जातं. त्या तारखांच्या फुग्याच्या नोंदी काढून पाहिल्या की वरचा ओला थर सापडतो.

दुर्बीण असेल तर रेघेचं टोक पाहा. इंजिन आणि रेघ यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा दिसेल. झोत थंड होऊन बर्फ व्हायला जो क्षण लागतो, त्या क्षणात विमान पुढे गेलेलं असतं. नळीतून फवारलेला पदार्थ नळीच्या तोंडापासूनच दिसला असता. दुसरी खूण आणखी सुंदर. पसरलेली रेघ सूर्याजवळून जात असेल तेव्हा सूर्य इमारतीच्या कडेआड झाकावा आणि हात लांब करून सूर्यापासून वीतभर अंतरावर पाहावं. कधीकधी तिथे रंगीत डाग किंवा कड्याचा तुकडा चमकतो. बावीस अंशांवरचं ते कडं बर्फाच्या षट्कोनी स्फटिकांतून प्रकाश वळल्यामुळे उमटतं. वर बर्फ असल्याची खूण प्रयोगशाळेशिवाय मिळते ती अशी.

आता पुरावे म्हणून फिरणाऱ्या गोष्टींकडे. विमानात पिंपं भरलेली छायाचित्रं चाचणी-उड्डाणांतली आहेत. प्रवाशांच्या वजनाऐवजी त्या पिंपांत पाणी असतं. पावसाच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम सापडलं, असाही एक अहवाल फिरतो. आपल्या पायाखालचा सह्याद्रीचा काळा पाषाण पाहा, त्यात वजनाने सुमारे सातवा हिस्सा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतं. गच्चीवर ठेवलेल्या भांड्यात खडीच्या खाणींची आणि रस्त्याची धूळ पडली तरी ते सापडणारच. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वातावरण-रसायन आणि भू-रसायन या विषयांच्या ७७ तज्ज्ञांपुढे असे पुरावे ठेवले. ७६ जणांना त्यांत गुप्त फवारणीचं काही दिसलं नाही.

मुळात अकरा किलोमीटरवरून अंबरनाथवर काही टाकणं हेच अशक्यप्राय आहे. दहा मायक्रॉनचा कण तिथून स्थिर हवेत खाली यायला महिन्याहून जास्त काळ घेतो. हिवाळ्यात वर ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पश्चिमेचे वारे असतात. दिवसभरात तो कण ब्रह्मदेशाच्या दिशेने निघून गेलेला असेल.

विमानातून ढगात रसायन सोडलं जातं, ही गोष्ट मात्र खरी आहे आणि महाराष्ट्रात ती उघडपणे झाली आहे. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून राज्य सरकारने कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला मोठा प्रयोग केला. मिठासारखे ओलावा शोषणारे कण सोडणाऱ्या नळकांड्या छोट्या विमानाच्या पंखांवर लावून ढगाच्या तळाशी पेटवल्या. परिणाम प्रसिद्ध झाले: योग्य ढग असतील तर वाऱ्याच्या पुढच्या भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. ढग नसतील तर काहीच नाही. निरभ्र आभाळातल्या उंच रेघेशी याचा संबंध नाही. ‘विमानाने ढग पळवले’ असं म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना हे आकडे नीट बसून सांगायला हवेत, आणि ते आम्ही पुरेसे सांगत नाही.

रेघांचा खरा उपद्रवही आहे. पसरलेल्या रेघा पृथ्वीची उष्णता अडवतात. विमानवाहतुकीमुळे होणाऱ्या तापमानवाढीत त्यांचा वाटा विमानांच्या कार्बन डायऑक्साइडइतका किंवा त्याहून जास्त असल्याचे अंदाज आहेत. तो ओला थर टाळून विमान थोडं वर-खाली नेण्याच्या चाचण्या सुरू आहेत. विमानांच्या रेघांवर चळवळ करायची असेल तर ती यासाठी करावी.

आपल्या घशातली जळजळ मात्र फार खालून येते. मलंगगड-माथेरानचे डोंगर आणि उल्हास नदीचं खोरं यांच्यामध्ये आपण राहतो. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, थंड हवा खोऱ्यात साचते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. चिमणीतून निघालेलं सगळं त्या झाकणाखाली, काही शे मीटरच्या आत अडकतं आणि घराघरांत शिरतं. रात्री उशिरा आणि पहाटे वास जास्त येतो, तो या कारणाने. रात्रीच्या अंधारात कुणी काही सोडत असेल तर त्याला हेच झाकण भोवायला हवं, पण ते भोवतं आपल्याला.

आणि इथे एक मोठी फट आहे. देशाचा हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर ठरतो: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. रसायन कारखान्यांतली सॉल्व्हंट्स, उग्र वासाची गंधकयुक्त संयुगं या यादीत नाहीत. त्यामुळे डोळ्यांतून पाणी वाहत असताना मोबाइलवरचा आकडा ‘समाधानकारक’ असू शकतो, आणि तोच आकडा तक्रार करणाऱ्याच्या तोंडावर फेकला जातो.

म्हणून मला फोटो पाठवणाऱ्यांना मी सांगतो की रेघेचा फोटो राहू द्या. वास आला की वेळ लिहा, वारा कुठून होता ते लिहा, वास कशासारखा होता आणि किती वेळ राहिला तेही लिहा. एकाच रात्री चार वेगळ्या भागांतल्या चार घरांनी हे लिहिलं, तर वाऱ्याच्या दिशेवरून उगम कोणत्या पट्ट्यात आहे ते मी नकाशावर दाखवू शकतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय कल्याणला आहे. अशा नोंदींसह तक्रार तिथे द्या आणि पोच घ्या. सोबत मागणीही करा: अंबरनाथची मोरिवली, बदलापूरची खरवई आणि वालधुनीचा काठ इथे सेंद्रिय बाष्पं चोवीस तास मोजणारी यंत्रं बसवा आणि त्यांचे आकडे लोकांना त्याच क्षणी दिसू द्या.