माशांचा डबा आणि आठवडे बाजार

गेल्या डिसेंबरात नंदुरबारला बहिणीकडे दोन दिवस मुक्काम होता. मिरचीचा हंगाम. शहराबाहेर पथारीवर लाल मिरची वाळत पडलेली आणि वारा फिरला की घरात बसूनही ठसका लागतो. कॉलेजात जाणारा माझा भाचा खोकत खोकत मोबाईल घेऊन जवळ आला. म्हणाला, "मामू, ये डब्बा देखो."

चित्रात माशांचा एक डबा होता. ‘अटॅक ऑन टायटन’ या जपानी मांगा मालिकेतलं चित्र. मांगा म्हणजे चित्रकथा. हाजिमे इसायामा या चित्रकाराने ही मालिका २००९ साली एका मासिकात सुरू केली आणि एप्रिल २०२१मध्ये १३९व्या प्रकरणावर संपवली. माणसं तीन प्रचंड भिंतींच्या आत राहतात, बाहेर माणसं खाणारे राक्षस फिरतात. बाहेर दुसरी माणसं उरलेलीच नाहीत, असं आतल्यांना पिढ्यान् पिढ्या शिकवलेलं.

डब्याची गोष्ट अशी. काही सैनिक रात्री एका पडक्या किल्ल्यात अडकतात. तिथे खायला शोधताना त्यांना हा डबा सापडतो. त्यांच्यातली एक मुलगी त्यावरचं नाव सहज वाचते, हेरिंग. तिचा साथीदार दचकतो. तुला हे वाचता येतं? कारण भिंतींच्या आत ही भाषा कोणाला येत नाही. शिवाय हेरिंग हा समुद्रातला मासा आणि आतल्या लोकांनी समुद्र पाहिलेलाच नाही. ती मुलगी बाहेरून आलेली आहे, हे लेखक एका डब्यावर सांगून जातो. बहुतेक वाचक पान उलटून पुढे जातात.

"और मामू, ये लिखावट." त्याने मोबाईल उलटा धरला. भिंतींच्या आत जी लिपी दिसते ती जपानी काताकाना अक्षरंच आहेत, फक्त उलटी करून लिहिलेली. वाचकांनी ते शोधून काढलं आणि मग मागच्या पाट्या, कागद वाचायला घेतले. पहिल्या प्रकरणाचं नाव दोन हजार वर्षांनंतरच्या कुणाला तरी उद्देशून आहे, आणि १२२व्या प्रकरणाचं नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाकडून तरी. पहिल्याच प्रकरणात नायक एरेन झाडाखाली झोपेतून रडत उठतो आणि का रडतोय हे त्यालाच कळत नाही. एवढ्यावर चाहत्यांनी तर्क बांधला की ही सगळी कथा पुन्हा पुन्हा घडते आहे, काळ गोल फिरतो आहे. याला ते ‘थिअरी’ म्हणतात. भाचाही अशा थिअऱ्या रचतो, वहीत लिहून ठेवतो.

मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू? लहानपणी मदरशात कुराण शिकताना मीही असाच अक्षरांवर अडलो होतो. अलिफ, लाम, मीम. एकोणतीस सूरह अशा सुट्या अक्षरांनी सुरू होतात. मी मौलवीसाहेबांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "अल्लाह बेहतर जानता है," आणि पुढची आयत वाचायला सांगितली. त्या वयात मला ती टाळाटाळ वाटली होती.

मग भाच्याने १२२वं प्रकरण उघडलं. त्यात यमिर नावाची गुलाम मुलगी आहे. कुणीतरी डुकरं सोडून दिलेली असतात. राजा सगळ्यांना म्हणतो, गुन्हेगार सांगा, नाहीतर प्रत्येकाचा एक डोळा काढीन. आणि सगळ्यांची बोटं त्या एका मुलीकडे वळतात. मग कुत्री, भाले आणि जंगलात पळणारी ती.

"इसकी आँखें देखो मामू. उसने छोड़े थे या नहीं? इसपर बहुत थिअरी है."

मी मात्र त्या बोटांकडे बघत राहिलो.

१ जुलै २०१८. मी तेव्हा नवापूर तालुक्यात शिक्षक होतो. शेजारच्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजारात त्या रविवारी पाच माणसं मारली गेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, गावोगाव फिरून भिक्षा मागणारी. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेही मारलं. पाचही जण गेले. त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणजे अनोळखी चेहरे आणि परक्या गावची बोली. त्या डब्यासारखंच. हा इथला नाही, एवढं वाचता आलं आणि बाकीचं लोकांनी स्वतः भरून घेतलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी दुसऱ्या एका गावच्या बाजारात एसटीतून उतरलो. दाढी, खांद्यावर पिशवी आणि त्या गावात ओळखीचं कुणी नाही. भजीच्या गाडीजवळ चारेक वर्षांचा मुलगा आईची चुकामूक होऊन रडत होता. मी मास्तर. रडणाऱ्या पोराजवळ बसायची मला सवय. मी दोन पावलं टाकली आणि थांबलो. आजूबाजूला पाहिलं. मग वळून सरळ स्टँडवर परत आलो. मागे पाहिलं तेव्हा एका बांगडीवालीने त्याला उचलून घेतलं होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्याही मागचं तर मुळीच नाही. तो मुलं पळवणाऱ्यांचा मेसेज जूनमध्ये माझ्याकडेही आला होता. खरा की खोटा, मी पाहिलं नाही. पोरांना सांभाळ, असं लिहून बहिणीला पाठवून दिला. बाजारात ज्या नजरांना मी घाबरलो, त्या तयार करण्यात माझाही हात होता.

सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करायला सांगितलं आहे, आणि फार संशय घेऊ नका असंही. दोन्ही ताकिदी एकाच सूरेत. मी त्या तोंडपाठ म्हणत आलो. मौलवीसाहेबांनी मला जे सांगितलं त्यात टाळाटाळ नव्हती, हे मला फार उशिरा समजलं. जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सोडून देणं हेही शिकावं लागतं.

चित्रकथेत खुणा शोधण्यात काही वाईट नाही. तिथे खूण मुद्दाम ठेवणारा कुणीतरी असतो आणि पुढचं प्रकरण आलं की आपला तर्क तपासता येतो. बाजारातल्या माणसाची पिशवी, दाढी, बोली कुणी कोडं म्हणून ठेवलेली नसते. तिथे तर्क चुकला हे कळतं तेव्हा तो माणूसच उरलेला नसतो.

मी भाच्याला विचारलं, "तुझ्या वहीतल्या किती थिअऱ्या खऱ्या निघाल्या?"

तो हसला. "मामू, ज्यादातर गलत. काळाच्या चक्राचीपण गेली."

"मग त्या खोडल्यास का?"

"नहीं. बाजूला ‘गलत’ लिखा."

मग मी त्याला राईनपाडा सांगितलं, बाजारातला तो मुलगा सांगितला आणि तो मेसेजही. त्याने मोबाईल खाली ठेवला. बहीण दारात उभी राहून ऐकत होती, मला कळलंच नाही.

"भाईजान," ती म्हणाली, "वो मेसेज मैंने भी आगे भेजा था. पूरे मोहल्ले के ग्रुप पे."