लहान मुलांसोबत नंदी हिल्स : सूर्योदयाचा हट्ट सोडा!

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या हेब्बाळच्या सोसायटीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "या रविवारी नंदीला जाऊया, सूर्योदय बघायला!" बेंगळुरूच्या या उत्तर टोकाला राहणाऱ्यांसाठी नंदी हिल्स म्हणजे घरचाच डोंगर. हेब्बाळचा फ्लायओव्हर ओलांडायचा, एअरपोर्टच्या दिशेने बळ्ळारी रोड धरायचा, की पन्नासेक किलोमीटरवर तो उभा. तुमच्याही मनात हा बेत शिजत असेल आणि घरात लहान मुलं असतील, तर आधी आमची गेल्या वर्षीची फजिती ऐका.

मी ताईकडे राहते. भाची तेव्हा पाच वर्षांची होती आणि भाचा दीड वर्षाचा. रविवारी पहाटे साडेतीनला दोघांना झोपेतून उचललं, धाकट्याला बाटलीभर दूध पाजलं आणि निघालो. घाटात गाड्यांची ही रांग! तिसऱ्या-चौथ्या वळणावर सगळं दूध बाहेर आलं. वर पोचलो तोवर उजाडलं होतं. सूर्य कुठेच नव्हता, होतं ते दाट धुकं आणि माणसंच माणसं. भाऊजी गाडी लावत होते, ताई धाकट्याचे कपडे बदलत होती आणि भाचीचा हात माझ्या हातात होता. एक फोटो काढावा म्हणून मी तो सोडला. वळून बघते तर ती नाही.

चार-पाच मिनिटंच गेली असतील. शेंगा विकणाऱ्या एका अज्जींनी तिला आपल्या टोपलीशेजारी बसवून ठेवलं होतं. आमच्या हाका ऐकून त्या ओरडल्या, "मगु इल्ले इदे!" मूल इथेच आहे. पोरगी शेंगा सोलत बसली होती, मला मात्र उभं राहवत नव्हतं. ताई मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर वर्षभर कुणी नंदीचं नाव काढलं की ती विषय बदलायची. आणि गर्दीत गेलो की दोन्ही मुलांचे हात तिच्याच हातात असायचे.

यंदा एप्रिलमध्ये मीच पुन्हा विषय काढला. ताई म्हणाली, "जाऊ. पण या वेळी सगळं मुलांच्या घड्याळाने." तो दिवस इतका निवांत गेला की तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आधी काय वगळायचं ते ठरवा

आपण बेत आखताना काय काय बघायचं याची यादी करतो. ताईने उलटी यादी केली. सूर्योदय वगळला. वाटेतला देवनहळ्ळीचा किल्ला वगळला. टिपू सुलतानाचा जन्म देवनहळ्ळीतला, त्यामुळे मोह होतोच. मुद्देनहळ्ळीही वगळलं. आपल्या खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दारं बसवणाऱ्या सर विश्वेश्वरय्यांचं ते गाव, डोंगरापासून जवळच. तिथे जायला मला फार आवडलं असतं, पण अडीच वर्षांच्या मुलाला नसतं आवडलं. वरचा टिपू ड्रॉप, म्हणजे तो सरळ तुटलेला कडाही वगळला. सुटून पळणारं मूल सोबत असताना कड्याजवळ मोठ्यांचाच जीव खालीवर होतो.

राहिलं काय? पायथ्याचं एक देऊळ, वरची बाग आणि एक तळं. लहान मुलांच्या एका दिवसाला एवढं पुष्कळ होतं.

वार आणि वेळ

शक्य असेल तर मधला वार निवडा. भाऊजींनी बुधवारी रजा टाकली. शनिवार-रविवारी वर गर्दी उसळते आणि गाड्यांवर, प्रवेशावर वेळोवेळी निर्बंधही येतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी नियम बघून घ्या. मुलांना त्यांच्या नेहमीच्या वेळी उठू दिलं आणि पावणेसातला निघालो. त्या वेळी शहराबाहेर जाणारा रस्ता मोकळा असतो. संध्याकाळी परतताना मात्र हेब्बाळच्या फ्लायओव्हरची काय दशा असते ते तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून दुपारीच परतायचं हेही आधीच ठरलं होतं.

गाडी नसेल तर चिक्कबळ्ळापूरच्या बाजूला जाणारी गाडी यलहंका स्टेशनवर पकडून नंदी हॉल्टला उतरता येतं. गाड्या मोजक्या आहेत, तेव्हा जाण्याची आणि येण्याची, दोन्ही वेळा बघून ठेवा. अशा वेळी फक्त पायथ्याचं देऊळ करून परतलात तरी सहल पुरी होते.

आधी पायथा, मग माथा

पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचं देऊळ आहे. मुळात नवव्या शतकातलं, पुढे चोळांपासून विजयनगरापर्यंत अनेकांनी त्यात भर घातलेली. पण मुलांना शतकांशी काय करायचंय? त्यांना आवडतं ते भलंमोठं दगडी आवार. गाड्या नाहीत, उतार नाही, पळायला जागाच जागा. आतल्या बाजूला शृंगी तीर्थ नावाची पायऱ्या-पायऱ्यांची पुष्करणी आहे. भाचीने वरच्या पायरीवर बसून खालच्या पायऱ्या मोजायला घेतल्या आणि तीनदा वेगवेगळा आकडा आणला. पाण्याजवळ मात्र हात धरल्याशिवाय जाऊ देऊ नका.

हे देऊळ सकाळीच का? कारण इथे चप्पल बाहेर काढावी लागते आणि एप्रिलच्या दुपारी ती फरशी तव्यासारखी तापते. साडेआठला ती गार होती. मोजे जवळ ठेवाच, परतताना थांबायची वेळ आली तर उपयोगी पडतात.

घाट आणि पोट

देवळापासून डोंगराला वळसा घालून घाटरस्ता गाठायचा. इथे गेल्या वर्षीची चूक टाळा. चढण्याआधी मुलांना भरपेट दूध देऊ नका, उपाशीही ठेवू नका. आम्ही निघताना एक-एक इडली दिली होती आणि देवळात अर्धी दशमी. घाटात पुस्तक नाही, मोबाईल नाही. खिडकी थोडी उघडी ठेवायची आणि समोर लांब बघायला लावायचं. आम्ही "पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे?" हा खेळ लावला. नजर आपोआप रस्त्यावर राहिली. मळमळ वाटलीच तर सुरक्षित जागा बघून थांबा. दहा मिनिटं उशिरा पोचलात तर डोंगर काही पळून जात नाही.

खाऊ साधा ठेवा. दशम्या, काकडी, दहीभात आणि घरचं कैरीचं पन्हं. शेंगदाणे, आवळा सुपारी, कडक चणे फक्त मोठ्यांसाठी. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात ते अडकू शकतात, त्यात पळतापळता खाताना जास्तच.

वर तीन तास, त्याहून जास्त नाही

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटरवर आणि नंदीचा माथा 1,478 मीटरवर. या साडेपाचशे मीटरच्या फरकाने हवा साधारण तीन-चार अंशांनी उतरते. मुलांच्या गालाला तो फरक लगेच कळतो. पण गार वाटतं म्हणून टोपी काढू नका, उंचावरचं ऊन चांगलंच भाजतं. उघड्या कातळापेक्षा बागेतल्या झाडांखाली मुक्काम ठोका.

हा डोंगर मुळात किल्ला. 1791 मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो टिपूकडून जिंकला आणि पुढे इंग्रज साहेबांनी इथे उन्हाळ्यातली घरं बांधली. मला मात्र सगळ्यात जवळची वाटते ती 1927 ची गोष्ट. त्या मार्चमध्ये कोल्हापूर-निपाणीच्या बाजूला दौऱ्यावर असताना गांधीजींची तब्येत एकदम ढासळली. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आधी आपल्या आंबोलीला आणि मग एप्रिलमध्ये ते इथे, नंदीला आले. काही आठवडे राहिले, आणि 1936 च्या उन्हाळ्यातही पुन्हा आले. म्हणजे हा डोंगर आराम करायला येण्याचा आहे! आपणच त्याला पहाटेच्या शर्यतीचं ठिकाण करून टाकलंय.

आम्ही झाडाखाली चादर अंथरली. भाचा मुंग्यांच्या रांगेमागे पाऊण तास फिरला. भाचीने पानं गोळा केली. मग अमृत सरोवर या जुन्या पायऱ्यांच्या तळ्यापर्यंत चालत गेलो आणि ते वरूनच बघून आलो. बस्स! कुणी "चला, चला" म्हटलं नाही. भाऊजींना तर चादरीवर चक्क डुलकी लागली. धाकटा कंटाळला तेव्हा ताईने त्याला झोळीत घेतलं. इथे बाबागाडीचा फारसा उपयोग नाही, ठिकठिकाणी पायऱ्या आणि चढ-उतार आहेत.

माकडांपासून सावध

वर माकडं पुष्कळ आहेत आणि ती धीट आहेत. पिशवीचा आवाज झाला की हजर. मुलाच्या हातात उघडा खाऊ देऊन त्याला चालवू नका. डबा एकदाच उघडा, सगळ्यांनी गोल बसून खा आणि लगेच बंद करा. माकडाने काही उचललंच तर ओढाताण न करता सोडून द्या. आमची एक काकडी गेली, भाचीला अजून तिचं वाईट वाटतं. माकडांच्या डोळ्यात रोखून बघू नये आणि दात दाखवून हसू नये, हे मुलांना घरीच सांगून ठेवा. त्यांना खायला तर अजिबात घालू नका. त्यामुळेच ती अशी धीट होतात.

हात सुटलाच तर

हे मला सगळ्यात महाग पडून कळलं, म्हणून नीट सांगते. प्रत्येक मुलाच्या खिशात आई-बाबांचे मोबाईल नंबर असलेली चिठ्ठी ठेवा, त्यावर "माझी भाषा मराठी" हे कन्नडमध्ये लिहा. शेजारच्या कन्नड काकूंनी आम्हाला ते लिहून दिलं. मुलांना भडक रंगाचे कपडे घाला आणि निघताना एक फोटो काढा, म्हणजे आज काय घातलंय ते घाबरलेल्या मोठ्यांनाही सांगता येतं. मुलाला एकच नियम शिकवा : आम्ही दिसलो नाही तर शोधत फिरायचं नाही, तिथेच थांबायचं, आम्ही तिथे येऊ. आम्ही हा खेळ सोसायटीच्या बागेत आठवडाभर खेळलो.

आणि मोठ्यांसाठीही एक नियम. कुठलं मूल कुणाकडे हे तोंडाने बोलून ठरवा. "सगळ्यांचं लक्ष आहे" याचा अर्थ बहुतेक वेळा कुणाचंच नाही असा असतो. आणि ज्याच्याकडे मूल, त्याने फोन खिशात ठेवायचा.

दुपारी उतरा

बेंगळुरूकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. विजा चमकत असताना उघड्या कातळाच्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली मुलांना घेऊन थांबणं धोक्याचं. म्हणून आकाश निरभ्र असलं तरी साडेबाराला आम्ही चादर झटकली. मुलं अजून खेळत होती. दमून रडायला लागायच्या आधी निघालं, की मुलं गाडीत हसत बसतात आणि दहा मिनिटांत झोपतात. आमची दोन्ही मुलं घाट उतरायच्या आत झोपली होती.

निघण्याआधी एक गोष्ट घडली. गाडीपाशी धाकट्याला पुन्हा कपडे बदलायची वेळ आली, भाऊजी गाडीत सामान ठेवत होते. अगदी गेल्या वर्षीसारखंच सगळं. ताई काही क्षण थांबली. मग भाचीचा हात माझ्या हातात देत म्हणाली, "हिला तू बघ."

त्या दिवसाचा भाचीसोबतचा एकही फोटो माझ्याकडे नाही. तुम्ही जाल तेव्हा दहीभात जास्तीचा घ्या, उघड्या हवेवर मुलं दुप्पट जेवतात. आणि सूर्योदयाची काळजी करू नका. तो हेब्बाळच्या गच्चीतूनही दिसतो.